मेई बाईंनी आणून दिलेला पतंग

लिऊतुन,
रविवार, २९ मार्च १९८७

चि. दपेईस,
अ. उ. आ.

हात चिखलाचे आहेत, कागदावरच्या डागांकडे बघू नकोस. मेई बाईंना आत्ताच कालव्यातून वर काढलं. सायकल अजून खालीच आहे. फाटकावरचा पहारेकरी बांबू आणायला गेलाय, तो येईपर्यंत काठावर बसून हे लिहून टाकते. बाई शेजारीच आहेत. बूट उपडे करून पाणी काढताहेत आणि पलीकडची बदकं मला दाखवताहेत. ती बदकं बघतानाच पडल्या.

तू विचारलंस, ग्रंथालय सांभाळायचं सोडून ताई दर रविवारी भटकते कुठे. अरे, मी भटकत नाही, मला भटकवतात. परदेशी बाईंनी एकट्याने हिंडायचं नाही असा विद्यालयाचा नियम. मग सोबतीला कोण, तर जिची घरी वाट बघणारं कुणी नाही ती हुओ लानफांग. बाई वेल्सहून इंग्रजी शिकवायला आल्या त्याला हा तिसरा वसंत. मी पंचावन्न वर्षं या तालुक्यात काढली आणि नगाऱ्याचा बुरूज आतून पाहिला तो त्यांच्यामुळे. त्या मात्र तिथे टेकल्यासुद्धा नाहीत. प्राचार्यांनी सिमेंटचा नवा कारखाना दाखवायला गाडी दिली, तर वाटेत एका अंगणात शेवया वाळत होत्या तिथेच उतरल्या. कारखाना राहिला तो राहिलाच. बाईंना कारखाना फार आवडला, असं मी प्राचार्यांना सांगितलं.

तुझी तारीख कळली, चौदा एप्रिल. बरं झालं. पोटातला तो व्रण इतकी वर्षं पाळलास, आता कापून टाकू दे. तुझ्या सूवनने लिहिलंय, की डॉक्टरांसमोर तू हो म्हणतोस आणि जिन्यात आलास की नाही म्हणतोस. जिन्यातलं बोलणं मी धरत नाही.

येत्या रविवारी छिंगमिंग, पितरांचा दिवस. आईबाबांच्या थडग्यावर माती घालून येईन. मग नदीवर तुझ्या नावाचा पतंग चढवून दोरा कापून देणार आहे. जाऊ दे दुखणं घेऊन. हसायचं नाही. हसलास तर मला इथे कळतं.

बांबू आला. माझी माया सायकलीपेक्षा तुझ्यावर थोडी जास्त आहे, एवढं ध्यानात ठेवून वाग.

तुझी,
लानफांगताई


जीनान,
२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसलो. कळलं का?

पतंग का उडतो हे मी चोवीस वर्षं फळ्यावर काढून दाखवतोय. वारा, कोन, दोऱ्याचा ताण. दुखण्याचा बाण मी त्या आकृतीत कधी काढला नाही, कारण तो कुठल्या दिशेने काढायचा हे पुस्तकात दिलेलं नाही. तरी तू उडव. फक्त नाव सुवाच्य लिही. वाऱ्याने दुसऱ्याच कुणा हुओचं पोट नेलं आणि माझं इथेच राहिलं, असं नको.

डॉक्टर यान यांनी परवा माझं जठर कागदावर काढून दाखवलं आणि त्यातला तिसरा हिस्सा खोडून टाकला. आकृती इतकी वाईट होती, की माझ्या वर्गात तिला शून्य मिळालं असतं. तसं मी म्हणालोही. ते म्हणाले, की आकृती वाईट असली तरी हात बरा आहे. आणि म्हणाले, की व्रणाच्या जागी भिंत फार पातळ झाली आहे, आम्ही उघडली नाही तर एक दिवस ती आपणहून उघडेल. यावर मला काही विनोद सुचला नाही.

सूवनने दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलीय. मी येताजाता तिला ठेचकाळतो. ती मुद्दामच तिथे ठेवली आहे असं माझं मत, आणि मी मुद्दाम ठेचकाळतो असं तिचं.

मेई बाईंना नमस्कार. वेल्समध्ये सायकलींना ब्रेक नसतात का, तेवढं विचारून कळव.

सध्या मला मऊ शेवया आणि तुझी बोलणी एवढंच पचतं. दोन्ही येऊ देत.

तुझा,
दपेई


लिऊतुन,
६ एप्रिल

चि. दपेईस,
अ. उ. आ.

गेलं तुझं दुखणं.

पाकोळीचा पतंग आणला होता, काळ्या पंखांचा, पोटाकडे पांढरा. एका पंखावर तुझं नाव घातलं, दुसऱ्यावर 'पोटाचं दुखणं'. शाई वाळेपर्यंत माशी बसू दिली नाही. काल दुपारी विद्यालयाचं सगळं आवार बंधाऱ्यावर लोटलं होतं. शेजारच्या छू आजी स्टूल घेऊन आल्या. ऐंशी पार केलीय, दात गेले, पण आवाजाला काही झालेलं नाही. तिथे बसून त्यांनी मला, वाऱ्याला आणि बंधाऱ्यावरच्या यच्चयावत माणसांना हुकूम सोडले. लानफांग, दोरा सोड. लानफांग, दोरा ओढ. या बाईला पतंग येत नाही, हिला आईने शिकवलं काय!

पतंग बोराएवढा झाला तेव्हा मी कात्री लावली. क्षणभर तो तिथेच राहिला. आपल्याला सोडलंय हे त्याला कळलं नसावं. मग मान कलती केली आणि वीटभट्टीवरून पूर्वेला गेला. पडताना मी पाहिला नाही. तुला आठवतं, लहानपणी तू शेतातून असाच कुणाचा पतंग उचलून आणला होतास आणि बाबांनी तुला उंबऱ्याबाहेरच बदडलं होतं? दुसऱ्याचा कापलेला पतंग उचलला की त्याचं दुखणं उचललं, म्हणत. म्हणून मी पाठ फिरवून अंडी सोलत बसले.

मेई बाई नव्हत्या. मुलींबरोबर पूर्वेकडच्या गावात झोके बघायला गेल्या होत्या. बघायला म्हणजे काय, चढल्या. मुली सांगत होत्या, की बाई झोक्यावर उभ्या राहिल्या तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा गप्प झाली. मग त्यांनी तिथल्या शेतकरणीला आपली मफलर दिली आणि तिची टोपी घालून आल्या.

आता चौदाला निमूट जा. पिशवीला लाथा मारू नकोस. इथून माझा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज.

लानफांगताई


लिऊतुन,
९ एप्रिल

चि. सौ. सूवनला,
अ. आ. वि.

हे पत्र दपेईला दाखवायचं नाही. वाचून चुलीत घाल.

पतंग परत आलाय.

काल संध्याकाळी मी नळावर तांदूळ धूत होते. आवारातल्या सगळ्या बायका तिथेच होत्या. फाटकातून मेई बाई आल्या, सायकल हातात धरून, आणि मागच्या कॅरिअरवर दपेईचा पतंग. पूर्वेच्या गावाजवळ पॉपलरच्या फांदीत अडकला होता म्हणे. बाई झाडावर चढल्या. पंख फाटला होता, तर खळ शिजवून मुलींच्या चाचणीच्या कागदाचं ठिगळ लावलं. त्यांना आता आपली अक्षरं वाचता येतात ना, 'हुओ' वाचलं आणि धावत आल्या. मला म्हणाल्या, की तुमच्या घरचा हरवलेला पतंग सापडला. इतक्या खुशीत होत्या. नाव सुवाच्य लिही, असं तुझ्या नवऱ्यानेच मला बजावलं होतं. लिहिलं मी सुवाच्य!

नळ वाहत होता, तो बंद करायचंही कुणाला सुचेना. पाहुण्या बाईने हसत पुढे केलेली वस्तू मी घेणार नाही तर काय करणार? दोन्ही हातांनी घेतली. आभार मानले. चहा पाजला.

त्या गेल्यावर आवाराची सभा बसली. कुणी म्हणे जाळ, तर लगेच दुसरी म्हणे, की जाळलंस तर ते घरातच राहील. कुणी म्हणे पुन्हा उडव. छू आजी ओरडल्या, की ऐंशी वर्षांत एकाचाही पतंग परत आलेला पाहिला नाही, तर त्याचं काय करायचं हे ठाऊक कुणाला असणार? बाईंना तीन वसंतांत हे ठाऊक कसं नाही, तर झाडांवर अडकलेले पतंग बघून त्यांना इतके दिवस वाटायचं, की आमच्याकडचा दोरा कच्चा निघतो.

मी अडाणी नाही. ग्रंथालयात बसते. पण तो दाराआड खुंटीला आहे आणि रात्री त्याच्यावरची नजर निघत नाही. चौदा तारीख पुढे ढकल. माझी तब्येत बरी नाही म्हण, ताईला यायचं आहे म्हण, वाटेल ते कारण सांग. थोडे दिवस जाऊ देत, काहीतरी सुचेल.

तुझ्यावरच भार टाकतेय. रागावलीस तरी माझीच राहा.

लानफांग


जीनान,
१२ एप्रिल

ती. वन्संना,
सूवनचा शि. सा. न.

तुमचं पत्र चुलीत घालायच्या आधीच त्यांच्या हाती गेलं. या घरात फक्त दवाखान्याची पिशवी त्यांना दिसत नाही, बाकी सगळं दिसतं.

आधी ते हसले. पोट धरून हसले, मग पोट दुखलं म्हणून थांबले. मेई बाईंचं झाडावर चढणं त्यांनी शेजाऱ्यांना दोनदा करून दाखवलं. मला वाटलं, चला, निभावलं. दुसऱ्या दिवशी वर्गावर जातो म्हणून निघाले आणि सरळ डॉक्टर यान यांच्याकडे जाऊन सांगून आले, की मला सर्दी झाली आहे, तारीख पुढची द्या. वन्सं, यांना सर्दी नाही. गेल्या वर्षापासून शिंक नाही. मी विचारलं, की अहो, भौतिकशास्त्र कुठे गेलं? तर म्हणाले, की भौतिकशास्त्र जागेवर आहे, तारीख तेवढी हलली.

मला राग तुमचा नाही. पण ऐका. रात्री ते उठून बसतात, गुडघे पोटाशी घेतात आणि मी जागी नाही असं समजतात. डॉक्टरांनी आता पंचवीसचा शनिवार दिला आहे आणि मला बाजूला घेऊन सांगितलं आहे, की तो चुकला तर खाट दुसऱ्याला जाईल आणि मग ती भिंत कधी फुटेल याची जबाबदारी ते घेणार नाहीत.

तुम्ही सांगितलंत तर हे थांबतात, तुम्ही सांगितलंत तर हे जातील. माझं ऐकत नाहीत, मी नुसती बायको. पतंगाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण पंचवीसच्या आत ठरवा.

मोठ्या आहात, बोलण्यात कमीजास्त झालं तर पोटात घाला. यांच्या पोटात आता जागा नाही.

आपली,
सूवन


लिऊतुन,
१५ एप्रिल

चि. दपेईस,
अ. उ. आ.

तुला सगळं कळलंय, तेव्हा आता आडपडदा नको. पुढचं ऐक.

रविवारी बाईंना नाशपातीचा बहर बघायचा होता. गावात यू झाडाला नाण्यांसारखी हिरवी फळं धरलीत. एका घरात ती पिठात घोळवून वाफवलेली, वर लसणाचं पाणी. मी एक वाटी खाल्ली. बाईंनी तीन. यजमानीण वाढत गेली, कारण परदेशी माणूस किती खातं ते बघायला तिने शेजारच्या आळीला बोलावलं होतं. रात्री बाईंचं पोट असं बिघडलं की सकाळी उभं राहवेना.

बातमी नळावर पोचली. छू आजी काठी टेकत आल्या, आणि कुठे दुखतं ते दाखवा म्हणाल्या. बाईंनी बरगडीखाली मधोमध हात ठेवला. आजींनी मला विचारलं, की तुझ्या भावाला कुठे दुखतं? मी तिथेच बोट ठेवलं. झालं. आजींनी खाटेपाशीच बाईंना सगळं सांगितलं, पतंग काय, दोरा काय, आणि उचलणाऱ्याचं काय होतं. मग आवारभर दवंडी, की दपेईचं पोट मेई बाईंना लागलं, दपेई सुटला. पतंग आणून दिला म्हणून काय झालं, आधी उचलला कुणी?

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. असा झाला की हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. मग खाटेवर त्यांचा तो पांढराफटक चेहरा दिसला आणि माझी मलाच लाज वाटली. परक्या देशातून आलेली बाई, आणि तिची कळ बघून मी मनात लाडू वाटतेय. लगेच घरी जाऊन राळ्याची पेज टाकली. तुझं होईपर्यंत त्यांना दुसरं काही खाऊ देणार नाही. मी दुखणं दिलं, तर शुश्रूषाही मीच करीन.

पतंग आजींनी बाईंच्या खोलीत नेऊन टांगला. आता तो त्यांचा.

तेव्हा पंचवीसला जा. आता थांबायला कारण नाही. सर्दी झाली असेल तर नाक पुसून जा.

तुझी वाट अडवली होती ती मीच मोकळी करते आहे, एवढं समजून घे.

लानफांगताई


लिऊतुन,
१७ एप्रिल

आदरणीय हुओ दपेई महाशय यांस,
स. न. वि. वि.

आपली भेट झालेली नाही. तुमचा पतंग परत आणणारी ती मी. हे पत्र मी शब्दकोश मांडीवर घेऊन लिहीत आहे. चुका दिसतील. त्या फाटक्या तशाच राहू द्याव्यात. ठिगळ लावण्याचा मला आता धीर होत नाही.

मला क्षमा करा, असे मी सुरुवातीला लिहिणार होते. परंतु त्याहून निकडीचे काही सांगायचे आहे.

माझे पोट सोमवारी दुखले. मंगळवारी ते बरे झाले. तीन वाट्या खाल्ल्यावर माणसाचे पोट दुखते आणि मग बरे होते, यात तुमचा काही संबंध नाही. मी उठून तसे सांगणार होते. तेवढ्यात तुमच्या ताई पेज घेऊन आल्या. पतंग दिला त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले नव्हते. आभार मानले, चहा दिला, पण पाहिले नव्हते. त्या सकाळी त्यांनी पाहिले. त्यांनी विचारले, की फार दुखते का. मी म्हणाले, की फार.

तेव्हापासून मी आजारी आहे. वर्ग घेते, पण बसून. विद्यार्थिनी गरम पाणी आणून देतात. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज आणि एक खारवलेला मुळा. येत्या रविवारी मुलींबरोबर पियोनीची फुले बघायला जायचे ठरले होते. दोन वर्षे काही ना काही कारणाने ते हुकले होते. ताई म्हणाल्या, की आजारी माणसाने वाऱ्यात जाऊ नये. मी म्हणाले, की बरोबर आहे. अंगणात शियांगछुन झाडाची कोवळी पालवी घालून अंडी तळतात तो वास खिडकीतून येतो. तेव्हा मी व्याकरण तपासते.

तुमचा यावर विश्वास नाही आणि माझाही नाही. परंतु तुम्ही डॉक्टरांना सर्दी झाल्याचे सांगितले, असे ऐकले. म्हणून विनंती करते. मी तुमच्या वाटणीचे आजारपण चांगले करीत आहे. तुम्ही शनिवारी जावे. तुम्ही गेला नाहीत तर ही पेज मला उन्हाळ्यापर्यंत खावी लागेल.

हे ताईंना कळवू नये.

आपल्या घराचा माझ्यावर लोभ जडावा असे मी अजून काही केलेले नाही, तरी तो मागते.

आपली,
मेरेडिथ प्यू, अर्थात मेई


जीनान,
२० एप्रिल

आदरणीय मेई बाईंना,
दपेईचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रात चूक फक्त एक सापडली. क्षमा मागायची नव्हती.

माझी सर्दी डॉक्टरांनी एका नजरेत ओळखली, आणि तुमचं पोट अख्ख्या आवाराला ओळखता आलं नाही. तुम्ही माझ्याहून फार चांगलं खोटं बोलता. शिकवता का?

मी भित्रा माणूस आहे. ताईला वाटतं मी थट्टेखोर आहे. ती थट्टा ऐकते आणि तिचं समाधान होतं, म्हणून चालून जातं. पतंग परत आला तेव्हा मी हसलो, आणि मग पाहिलं तर आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. थांबायला कुणीतरी कारण आणून दिलं होतं, तेही ठिगळ लावून. ते कारण आता तुम्हीच काढून घेतलंत. तुम्ही माझ्यासाठी पेज खायची आणि मी घरात पिशवीला लाथा मारत बसायचं, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. मी शनिवारी जातो.

तोवर एक सांगतो. विद्यालयाच्या मागच्या फाटकाशी पहाटे एक म्हातारा तिळाच्या गरम रोट्या विकत असे. अजून असेल. माझ्या काळी वसतिगृहातली मुलं त्या अंथरुणात लपवून खात. तीळ सांडतात, तेवढे सांभाळा.

तुमची कृपा माझ्या पोटावर आहेच. इतरत्रही असावी.

आपला,
हुओ दपेई


लिऊतुन,
२२ एप्रिल

चि. दपेईस,
अ. उ. आ.

मेई बाईंना उतार नाही, तेव्हा तू निर्धास्त जा.

छू आजी रोज येऊन दुखतंय ना, याची खात्री करून घेतात. बाई दुखतंय म्हणाल्या की आजी खूश होतात आणि त्यांचा हात हातात घेऊन बसतात. मग दोघी वेल्सच्या मेंढ्यांबद्दल बोलतात. आजींना वाटतं, की तिथे माणसं कमी आणि मेंढ्या जास्त असतील तर तिथे नळावर बोलत कुणाशी असतील.

रविवारी पियोनी बघायला मुली गेल्या. बाई खिडकीत उभ्या राहून त्यांना हात करत होत्या. मी फार वेळ तिकडे बघू शकले नाही. परवा पिवळा वारा सुटला होता, सगळीकडे धूळ. फुलं राहिली असतील असं वाटत नाही.

आज त्यांची खोली झाडली. त्या वर्गावर होत्या. रजई अंगणात नेऊन झटकली तर चिमण्या जमल्या. छू आजींनी विचारलं, की या मेल्या कशाला आल्या? मी म्हटलं, यूच्या बिया उडतात ना वाऱ्याने. रजई पुन्हा घालून ठेवली, जशी होती तशी.

सूवनला म्हणावं, पिशवीत लोकरीचे मोजे घाल. दवाखान्याच्या फरश्या गार असतात. शनिवारी मी कामावर जाणार नाही, फाटकाशीच बसून राहीन. तार तिथेच येते.

अंगावर माया आहे ती पांघरून घे.

लानफांगताई


जीनान, दवाखाना,
२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खाट खिडकीशी मिळाली. शेजारचा रेल्वेतला माणूस आहे, त्याचंही जठरच. त्याचं काल झालं. तो मला सगळं सांगायला निघाला होता, मी त्याला पतंगाची गोष्ट सांगून गप्प केलं. हसू नका, टाके ओढतात, म्हणाला, पण शेवटपर्यंत ऐकली.

ताई, मला भीती वाटते. थट्टा करून पाहिली, तरी वाटते. हे तुला कधी लिहिलं नव्हतं, लिहून बघावं म्हटलं. फार काही अवघड गेलं नाही.

मोजे घातलेत. मेई बाईंना सांग, की त्यांचं चांगलं चाललं आहे तसंच उद्या दुपारपर्यंत चालू द्यावं.

तुझाच,
दपेई


लिऊतुन,
शनिवार, २५ एप्रिल

चि. दपेई आणि चि. सौ. सूवन यांस,
अ. उ. आ.

तार आली. पहारेकऱ्याने ती फाटकातूनच ओरडून वाचली, त्यामुळे मी फाटकाशीच बसलेली असूनही सगळ्यांना माझ्याबरोबरच कळलं. 'झालं, शुद्धीवर आहेत, सूवन.' मी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. तेवढेच शब्द होते. पुरले.

छू आजी रडल्या आणि लगेच म्हणाल्या, की धूळ गेली डोळ्यात. मग कुणी न सांगता घराघरांतून पाट्या निघाल्या. नळापाशी दोन टेबलं जोडली. पालवीची अंडी, लसूणपातीचे मोमो, तळलेले मासे, तांबडी मिरची घातलेला टोफू. मी मेई बाईंच्या दाराशी गेले. म्हटलं, बाई, दपेईचं झालं, तुमचं सुटलं, चला जेवायला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. मग त्यांनी चपला शोधायला खाली वाकून फार वेळ लावला.

काय जेवल्या म्हणून सांगू! शेजारणी मोजायचं सोडून नुसत्या वाढत होत्या. आजी म्हणाल्या, की दुखणं उतरलेला माणूस बघायचा तर हा बघा. बाई मध्येच घास हातात धरून म्हणाल्या, की दपेई आता काय खातील? मी म्हटलं, पेज. तर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

तुला टाके आहेत, तेव्हा हे पत्र सूवनने हळूहळू वाचून दाखवावं. उठून बसायला लागलास की चार ओळी स्वतःच्या हाताने लिही. माझं काळीज तुमच्या दोघांपाशी आहे, ते सुट्टीत घेऊन या.

लानफांगताई

ता. क. रविवार सकाळ. पत्र टाकायचं राहिलं होतं. मेई बाईंचं पोट बिघडलंय. या वेळी खरं. पेज चुलीवर ठेवली आहे.